सांडणारे आणि वाहणारे

(वाशीम इथं तरुणांच्या अभ्यास शिबिरात केलेलं भाषण. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला विषय दिलाय : आपल्याला जे मिळालं त्याची जाणीव. विषय चांगला आहे, पण निसरडा आहे. असेल त्यात समाधान माना, आपल्यापेक्षा खालच्याकडे बघा, वरच्याचे आभार माना, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं गेलं. ऐकवणारे कोण होते? ज्यांच्या वाड्यात आड होता ते. आड त्यांचा आणि समाधान आपलं, अशी वाटणी होती. म्हणून मी या विषयात सरळ रस्त्याने शिरत नाही. मी नळापासून सुरुवात करतो.

तुमच्यापैकी बरेचजण पुण्या-मुंबईत, नागपूर-अकोल्यात खोली करून राहता. कोणी शिकताय, कोणी नोकरीला आहात. सकाळी उठलात, तोटी फिरवली, पाणी आलं. संडासात गेलात, खटका दाबला, आठ-दहा लिटर पाणी एका दमात गेलं. कधी मोजलं? नाही मोजलं. ज्याला मोजायची पाळी येत नाही त्यालाच सुखवस्तू म्हणतात. पगाराची स्लिप बघायची गरज नाही. तोटीखाली बादली वाहून गेली तर घरात कोणी ओरडतं का, एवढं बघा. माणूस कुठल्या वर्गात बसतो ते कळतं.

आता मोजू या. सरकारनेच मोजून ठेवलंय. २०१९ साली जलजीवन मिशन आलं, घरोघरी नळ देणारं. त्यात खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर धरलंय. शहरातल्या माणसाचा सरकारी मापदंड १३५ लिटरचा, महानगरात १५० चा. म्हणजे माणूस एस.टी.त बसून वाशीमहून पुण्याला उतरला की त्याची तहान अडीचपट होते! तोच माणूस विमानात बसून अमेरिकेत उतरला तर तिथं घरात माणशी रोज ३०० लिटरच्या आसपास. माणूस तोच, पोट तेच, घाम तोच. फक्त पत्ता बदलला.

आमच्या वऱ्हाडात पाण्याच्या भांड्याला गुंड म्हणतात. पूर्वी पितळेचा, आता स्टीलचा. पंधरा लिटरचा धरा. पंधरा लिटर म्हणजे पंधरा किलो, भांड्याचं वजन वेगळं. पाच माणसांच्या घराला ५५ च्या हिशेबाने २७५ लिटर, म्हणजे अठरा-एकोणीस गुंड. १३५ च्या हिशेबाने ६७५ लिटर, पंचेचाळीस गुंड. अमेरिकेच्या हिशेबाने १५०० लिटर, शंभर गुंड. आता समजा कायदा झाला, की ज्याचं पाणी त्याने चुंबळीवर ठेवून आणायचं. अमेरिका किती पाणी वापरील? पुण्याचा बंगलेवाला गाडी किती वेळा धुईल? माझ्या मायने आयुष्यभर सात-आठ गुंडात सहा माणसांचं घर चालवलं. ती काही पर्यावरणवादी नव्हती. तिची मान दुखायची.

"पानी सांडू नोको बाप्पा, डोक्यावरून आनलं हाये." एवढं एकच वाक्य तिचं. आज जगाची मोठमोठी पुस्तकं चाळली तरी त्या वाक्याच्या पुढं मला जाता येत नाही. जो वाहतो तो सांडत नाही. जो सांडतो त्याला वाहावं लागत नाही. मला आज एवढीच एक गोष्ट सांगायची आहे, बाकीचं तिचाच विस्तार.

वाहणारे कोण? जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मोजलंय. २०२४ साली जगात २१० कोटी माणसांना घरी सुरक्षित पाणी नव्हतं. दर चार माणसांत एक. आणि जिथं पाणी घराबाहेरून आणावं लागतं तिथं दर दहातल्या सात घरांत ते बाईच्या किंवा पोरीच्या डोक्यावर असतं. म्हणजे वाहणाऱ्यातही पुन्हा एक वाहणारी आहे. आपण बापे इथं बसून विषमतेवर बोलतो, आणि घरी गेल्यावर पाण्याचा तांब्या हातात मागतो. हेही ह्याच हिशेबात धरा.

आता आपल्या जिल्ह्यात या.

२०१६ चा उन्हाळा आठवा. लातूरला पाणी संपलं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. सगळ्या देशाने टीव्हीवर बघितली. त्याच महिन्यात मुंबई हायकोर्टापुढे आयपीएलचा खटला चालू होता. क्रिकेटच्या खेळपट्ट्यांवर, मैदानांवर साठेक लाख लिटर पाणी लागणार, असा हिशेब कोर्टात मांडला गेला. एका बाजूला माणसाच्या घशासाठी रेल्वे, दुसऱ्या बाजूला गवताच्या घशासाठी टँकर. शेवटी कोर्टाने एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. क्रिकेटवाल्यांनी केवढा गळा काढला!

त्याच उन्हाळ्यात आपल्या मालेगाव तालुक्यात, कळंबेश्वर गावात, एक दलित मजूर जमीन खोदत होता. त्याच्या बायकोला विहिरीवर पाणी नाकारलं होतं, अपमान केला होता. हा गडी मालेगावला गेला, अवजारं घेऊन आला आणि खोदायला लागला. भूगर्भवाला नाही, पाणाड्या नाही, मजूर नाहीत. आठ तास दुसऱ्याकडे मजुरी, आणि मजुरीच्या आधी-नंतर मिळून रोज सहा तास खोदाई. आसपासच्या तीन विहिरी कोरड्या पडलेल्या. गाव हसलं. घरच्यांनाही खरं वाटेना. चाळीस दिवस तो एकटा खोदत राहिला, आणि पंधरा फुटांवर पाणी लागलं. मग आख्खी वस्ती त्या विहिरीवर पाणी भरू लागली.

वर्तमानपत्रं धावली. टीव्हीवाले आले. तहसीलदार आले. नटाने कौतुक केलं. जिद्द, चिकाटी, बायकोवरचं प्रेम, सगळे शब्द वापरून झाले. मित्रांनो, ह्या कौतुकापासून सावध राहा. हे कौतुक फार सोयीचं असतं. आपला माणूस फोडला जातो तेव्हा तीन ओळींची बातमी, आणि आपला माणूस दगड फोडतो तेव्हा पानभर फोटो! चाळीस दिवसांची बातमी झाली. पाणी नाकारलं तो एक दिवस कुठं गेला? त्या मजुराला विहीरमालकाचं नाव विचारलं तर त्याने सांगितलं नाही. गावात रक्तपात नको, असं त्याचं म्हणणं होतं. बघा, सोसलं ह्याने, खोदलं ह्याने, आणि गावाच्या शांततेची जबाबदारीही ह्यानेच वाहिली. तेही ओझं त्याच्याच डोक्यावर!

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. त्याच वर्षी, २६ जानेवारी २०१६ पासून, अत्याचार प्रतिबंधक कायद्याची दुरुस्ती लागू झाली होती. सार्वजनिक विहीर, तलाव, नळ वापरायला दलित-आदिवासीला अडवणं हा त्या कायद्यात स्पष्ट गुन्हा आहे. पण कायदा सार्वजनिक पाणवठ्याची भाषा बोलतो. आज खेड्यात जात कुठं लपते? मालकीत लपते. "माझी विहीर, माझी मर्जी." जातीचं नाव घ्यायची गरज नाही. सातबारा ज्याच्या नावावर त्याची विहीर, आणि सातबाऱ्यावर आपलं नाव नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ च्या ६ डिसेंबरपासून भूमिहीनांचा सत्याग्रह केला, लाखोंनी तुरुंग भरले, ते काय उगाच? जमीन नाही त्याला विहीर नाही, विहीर नाही त्याला मान नाही.

१९७२ साली परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात विहिरीच्या पाण्यावरून आपल्या बायांची विटंबना झाली. स्वातंत्र्याची पंचविशी साजरी होत होती ते साल. त्या संतापातून, आणि बावड्यासारख्या ठिकाणच्या बहिष्कारातून, मुंबईच्या झोपडपट्टीतली पोरं उठली आणि पँथर उभी राहिली. ब्राह्मणगाव ते कळंबेश्वर चव्वेचाळीस वर्षं झाली. विहिरी आटल्या, माज आटला नाही.

आता मागं जाऊ, महाडला. २० मार्च १९२७. बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतात. पुढचं तुम्हाला पाठ आहे. पण त्यानंतरचं एक ध्यानात ठेवा. तळं बाटलं म्हणून सनातन्यांनी ते शुद्ध केलं. कशाने? दूध, दही, शेण, गोमूत्र. १०८ घागरी तळ्यात ओतल्या. ज्या पोरांच्या ओठाला दूध माहीत नव्हतं त्यांच्या ओंजळीचा डाग काढायला दुधा-दह्याच्या घागरी पाण्यात! नासाडी नासाडी म्हणतात ती हीच. लोक म्हणतात नासाडी अज्ञानातून होते, आळसातून होते. नाही. नासाडी हा रुबाब आहे. माझ्याकडे एवढं आहे की मी ओतून देऊ शकतो, आणि तू बघत राहशील, हे सांगण्याची ती पद्धत आहे. लग्नातल्या पंगतीपासून राजाच्या अभिषेकापर्यंत.

आता पाण्यावरून अन्नावर येऊ.

१९७२ चा दुष्काळ आपल्या आई-बापांनी, आजा-आजीने बघितलेला. खडी फोडायची, पाझर तलाव खोदायचे, सुकडी खायची. अमेरिकेतून मिलो आला, ती लाल ज्वारी. अमेरिकेत मिलो मुख्यतः जनावराला घालतात. इथं आपण भाकरी थापल्या. त्याआधी १९५४ च्या अमेरिकन कायद्याखाली, पीएल-४८० म्हणतात त्याला, त्यांच्याकडे उरलेला गहू आपल्याकडे येत होता. गाजरगवत त्याच गव्हातून आलं, असं सांगतात. गहू खाऊन संपला, गाजरगवत बांधावर अजून आहे. गावात उरलेलं उष्टं महारवाड्यात यायचं, आणि जगात उरलेलं धान्य आपल्या देशात यायचं. पद्धत एकच. उरलेलं द्यायचं, आणि देणाऱ्याने दाता व्हायचं.

आणि आपण खोदलेल्या तलावांचं काय? रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, जगात गाजला. चांगला कायदा होता, भुकेला हक्क दिला. पण तलाव खोदले आपण, पाणी गेलं ज्याची जमीन त्याला. मजुरी मिळाली, पाणी नाही मिळालं.

आज वाशीम जिल्हा म्हणजे सोयाबीन. पावसाळ्यात रिसोडपासून मंगरूळपीरपर्यंत नजर टाकाल तिथं सोयाबीन. पूर्वी ज्वारी होती. ज्वारीत निंदणाऱ्या बाईच्या घरी ज्वारीच यायची, कडबा जनावराला मिळायचा. सोयाबीन घरी आणून काय करणार? त्याची भाकरी होत नाही. शंभर किलो सोयाबीन गाळलं की अठरा किलोच्या आसपास तेल निघतं, आणि ऐंशी किलोच्या आसपास पेंड. ती पेंड कोंबड्यांना जाते, जनावरांना जाते, जहाजात बसून परदेशात जाते. आपल्या मायबहिणी कंबर मोडून सोंगणी करतात आणि त्यावर कुठल्या तरी देशातली कोंबडी गुबगुबीत होते. मी कोंबडीच्या विरोधात नाही. पण ज्या जिल्ह्याला निती आयोगाने २०१८ साली आकांक्षित जिल्हा म्हणून यादीत घातलं, म्हणजे मागासलेला हे गोड भाषेत सांगितलं, तो जिल्हा बाहेरच्या कोंबड्या पोसतो, हे विसरू नका. शेतकऱ्याचंही काही खरं नाही. २०२४ साली हमीभाव ४८९२ रुपये क्विंटल जाहीर झाला आणि बाजारात माल त्याच्या कितीतरी खाली गेला. तोही वाहणाराच आहे, पण जातीच्या तोऱ्यात त्याला ते दिसत नाही. ज्या दिवशी दिसेल त्या दिवशी त्याची विहीर आपल्याला उघडी होईल.

आता जगाचं ताट बघा. २०२२ या एका वर्षात जगाने १०५ कोटी टन अन्न फेकलं, असं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेचं म्हणणं. दुकानात, हॉटेलात, घरात जे पोचतं त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा. आणि उपाशी माणसं किती? ७८ कोटींवर. म्हणजे अन्न कमी पडत नाही. अन्न आहे, ते फेकण्याइतकं आहे. कमी पडतो तो हक्क. जगातल्या वरच्या दहा टक्क्यांकडे एकूण संपत्तीच्या ७६ टक्के, आणि खालच्या निम्म्या जगाकडे २ टक्के, हा २०२२ च्या जागतिक विषमता अहवालाचा आकडा. २ टक्के! एवढं तर पंगत उठल्यावर पत्रावळीला चिकटून राहतं.

बाबासाहेबांनी १९२७ ला महाडला काय सांगितलं? मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्टं खाणं सोडा. लोकांना वाटतं ती स्वच्छतेची शिकवण होती. ती राजकीय शिकवण होती. उष्टं खाणारा असतो म्हणून उष्टं टाकणारा मालक असतो. तुम्ही उष्टं नाकारलं की त्याचा दातेपणा गेला. उष्ट्यावर नाही, ताटावर हक्क सांगा, हे ते म्हणणं. आज लग्नातलं उरलेलं अन्न वस्तीत वाटून फोटो काढणारे लोक निघाले आहेत. त्यांचं मन चांगलं असेल. पण आम्हाला तुमचं उरलेलं नको. तुम्ही एवढं वाढून का घेतलं, ते आधी सांगा.

आणि जे खाऊन, वापरून, फेकून होतं ते जातं कुठं? कचरा हवेत विरत नाही. कचऱ्यालाही पत्ता असतो. मुंबईचा कचरा देवनारला जातो. देवनारचं डम्पिंग १९२७ पासून चालू आहे. साल ओळखीचं वाटतं ना? तिकडे महाडला आपण पाण्याला हात लावत होतो आणि इकडे मुंबई आपला कचरा टाकायला जागा नक्की करत होती. २०१६ च्या जानेवारीत ते डम्पिंग पेटलं, धूर उपग्रहातून दिसला. पण त्या ढिगाऱ्याच्या कडेला राहणारी माणसं त्या आधी कोणाला दिसली? त्यात आपले किती, मुसलमान किती, दुष्काळाने हाकललेले मराठवाडा-विदर्भाचे किती, ते जाऊन बघा. गटारात उतरून मरणारे कोण आहेत तेही बघा. हाताने मैला साफ करायला लावू नये म्हणून २०१३ ला कायदा झाला. २०१४ ला सुप्रीम कोर्टाने गटारात मेलेल्याच्या घराला दहा लाख द्यायला सांगितले, २०२३ ला तीस लाख केले. भरपाई वाढली, हे काही वाईट नाही. पण मरण्याची जात बदलली नाही.

हाच नियम जगाला लावा. युरोप-अमेरिकेचे जुने कॉम्प्युटर घानाच्या आग्बोग्ब्लोशीला गेले, पोरांनी तारा जाळून तांबं काढलं. त्यांचे एकदा घालून टाकलेले कपडे चिलीच्या अटाकामा वाळवंटात ढीग होऊन पडलेत. म्हातारी झालेली जहाजं आपल्याच गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर मजूर हाताने फोडतात. गावाला महारवाडा असतो तसा जगालाही आहे. पूर्वेला की पश्चिमेला एवढाच प्रश्न. वारा तिकडून इकडे येऊ नये एवढी काळजी घेतलेली असते.

मी एका कंपनीत कामाला होतो तेव्हा तिथं एक प्रशिक्षक आणला होता. सूटबूट, गोड आवाज. म्हणाला, रोज सकाळी पाच गोष्टी लिहा ज्यांच्याबद्दल तुम्ही कृतज्ञ आहात. सगळ्यांनी लिहिलं, आई-वडील, देव, कंपनी. मी लिहिलं, नळ. तो खूश झाला. म्हणाला, सुंदर, आता नशिबाचे आभार माना. मी म्हटलं, साहेब, नशिबाने नळ नाही दिला. मी शिकलो तो शिष्यवृत्तीवर, राहिलो सरकारी वसतिगृहात, नोकरीला लागलो तो शिक्षणामुळं. ह्या एकेका गोष्टीमागं कोणीतरी मार खाल्लाय, मोर्चा काढलाय, डोकं फोडून घेतलंय. आभार मानायचे तर नावनिशीवार मानू. नशिबाचे मानले तर ज्याला नळ नाही त्याचंही नशीबच म्हणावं लागेल. आणि ते तर मनूने आधीच सांगून ठेवलंय! तो हसला आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

जाणीव ठेवायची म्हणजे काय, ते इथं आहे. देवाचे आभार नकोत. अपराधीपणाही नको. अपराधी वाटून घेणं ही भरल्या पोटाची चैन आहे, ती ज्यांना परवडते त्यांनी करावी. आपल्याला नळ मिळाला, फ्लॅट मिळाला, एसी मिळाला, तर तो आपला हक्क आहे. साधं राहा म्हणून कोणी आपल्याला सांगू नये. आपण हजारो वर्षं साधेच राहिलो, कोणी महात्मा म्हटलं नाही. बाबासाहेब सूट घालून उभे राहिले ते काही हौस म्हणून नाही. गरिबीत काही पवित्र नाही. मायची दुखणारी मान पवित्र नव्हती.

तर मग काय ठेवायचं? हिशेब ठेवायचा. माझ्या तोटीत पाणी येतं ते कुठून येतं, कोणाच्या वाट्याचं येतं, ह्याचा हिशेब. आपला जिल्हा उंचावर आहे. काटेपूर्णा आपल्याकडे उगम पावते, धरण खाली महानला, आणि तिथून अकोल्याचे नळ. शहराचा प्रत्येक नळ असाच कुठल्या तरी खेड्याच्या नाल्याला जोडलेला आहे. पिण्याच्या पाण्याचं आरओ मशीन घरी लावलंत, तर एका लिटरमागं दोन-तीन लिटर मोरीत जातं. त्याच वेळी त्या नाल्याच्या काठावर कोणीतरी वाटीने झऱ्याचं पाणी गुंडात भरत असते. तिला मी ओळखतो. तुम्हीही ओळखता. वर चढलेल्या माणसाने शिडी काढून घेतली तर तो वरच्या जातीचाच झाला, मग त्याच्या दाखल्यावर काहीही असो.

ह्या वाशीमला पूर्वी वत्सगुल्म म्हणायचे. वाकाटकांची राजधानी. इथल्या हरिषेण राजाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने अजिंठ्याची सोळावी लेणी खोदवली, भिक्खू संघाला दिली. म्हणजे बुद्ध इथं काही १९५६ साली पहिल्यांदा आला नाही. विनयपिटकात एक गोष्ट आहे. राजा उदेनाच्या राण्यांनी भदन्त आनंदाला पाचशे चीवरं दिली. राजा चिडला. हा भिक्खू एवढ्या वस्त्रांचं काय करणार, दुकान टाकणार की काय? त्याने जाऊन विचारलं. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं फाटली त्यांना देऊ. फाटक्यांचं काय? त्याच्या चादरी. जुन्या चादरींचं? गादीच्या खोळी. मग त्यांचं? खाली अंथरायला. मग? पायपुसणी. मग? झाडायची फडकी. आणि ती फाटली की? चिंध्या करून, चिखलात मळून जमीन सारवू. राजा गप्प झाला. आणखी पाचशे वस्त्रं दिली म्हणतात. ह्यात कुठं देवाचे आभार आहेत? फक्त हिशेब आहे, आणि पहिला हिशेब असा, की ज्याचं फाटलंय त्याला आधी.

आता काय करायचं ते सांगतो. चार गोष्टी.

एक. सुट्टीत गावी जाल तेव्हा सकाळी पाणी सुटायच्या वेळेला आपल्या वस्तीतल्या शेवटच्या नळापाशी बादली घेऊन उभं राहा. किती मिनिटं पाणी येतं, किती बादल्या भरतात, लिहून काढा. पाच दिवस लिहा. टाकीजवळच्या नळाचंही लिहा. कागद घेऊन ग्रामसभेत उभं राहा. ५५ लिटर हा आकडा सरकारचा आहे, तो सरकारच्याच तोंडावर वाचा. उत्तर मिळालं नाही तर माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. दहा रुपयात अर्ज होतो.

दोन. सार्वजनिक पाण्यावर अडवणूक झाली तर कौतुकाची वाट बघू नका, एफआयआर करा. विहीर खोदणाऱ्याचा सत्कार करू, पण गावाला सार्वजनिक विहीर का नाही, हे आधी विचारू. बाबा आढावांनी १९७० च्या दशकात एक गाव एक पाणवठा ही मोहीम चालवली. ती मोहीम संपलेली नाही, फक्त तिचं नाव घेणारे कमी झाले.

तीन. शहरात कचरा टाकताना तो कोणाच्या हातात पडणार ते डोळ्यासमोर आणा. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे. त्यातल्या बहुतेक बाया आपल्याच. ओलं-सुकं वेगळं करणं ही काही नगरपालिकेवर मेहेरबानी नाही. फुटलेली काच कागदात गुंडाळून वर खूण करणं म्हणजे तुमच्या मावशीचा हात वाचवणं.

चार. हे जरा झोंबेल. १४ एप्रिलला आपली मिरवणूक जाते. जाऊ द्या, वाजत जाऊ द्या. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लोक येतात. दादरचे पांढरपेशे नाक मुरडतात, कचरा करतात म्हणतात. त्यांना विचारा, बाकीचे ३६४ दिवस तुमचा कचरा कोण उचलतं? आमच्या लोकांनी नेलेली पुस्तकं तुम्हाला दिसली नाहीत, पत्रावळ तेवढी दिसली! पण हे त्यांना सुनावून झालं की आपल्याकडे वळा. आपली मिरवणूक गेल्यावर रस्त्यावर पाण्याचे पाऊच, थर्माकोलच्या प्लेटा, अर्धी टाकलेली खिचडी राहते. दुसऱ्या दिवशी पहाटे झाडू घेऊन कोण येतं? आपलाच भाऊ येतो. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी त्याला सुट्टी नाही. बाबासाहेबांच्या नावाने सांडायचं आणि बाबासाहेबांच्याच माणसाने वाहायचं? ह्या वर्षी मंडळाची पोरं पहाटे झाडूवाल्याच्या आधी रस्त्यावर पाहिजेत. आणि त्या दिवसाचं पहिलं ताट त्याला, उरलेलं नाही, पहिलं.

ह्या चार गोष्टींनी जग बदलत नाही, हे मलाही कळतं. जमिनीची वाटणी, पाण्याची मालकी, कारखान्याची मालकी, ही लढाई मोठी आहे आणि ती लढल्याशिवाय गत्यंतर नाही. पण लढणाऱ्या माणसाला आपण कोणत्या बाजूला उभे आहोत हे रोज कळायला पाहिजे. तोटी उघडी ठेवून ते कळत नाही. कळंबेश्वरची विहीर एका माणसाने चाळीस दिवसांत खोदली. आपण इथं शेदीडशे आहोत. उद्या आपापल्या वस्तीत जा, शेवटच्या नळापाशी उभे राहा आणि मोजायला लागा.

जयभीम.